आधी पायाचे माप, मग चाकाचा आकार : मुलाची पहिली पेडलची सायकल कशी निवडावी

पहिली सायकल घेताना बहुतेक पालक मुलाचे वय सांगतात, दुकानदार त्या वयासमोरचा चाकाचा आकार सांगतो, मग रंग ठरतो आणि सायकल घरी येते. यात मुलाचे शरीर कुठेच मोजले जात नाही. चार वर्षांच्या दोन मुलांच्या पायांच्या लांबीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो आणि एवढ्या फरकाने एकाला नेमकी बसणारी सायकल दुसऱ्याला चढताही येत नाही. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी मूल मोजावे, मग सीटची उंची पाहावी, त्यानंतर वजन आणि ब्रेक तपासावेत. चाकाचा आकार या सगळ्यातून आपोआप ठरतो.

१. मुलाला तोल सांभाळता येतो का, हे आधी पाहावे

सायकल चालवण्यात दोन वेगळी कौशल्ये असतात, एक तोल सांभाळण्याचे आणि दुसरे पेडल मारण्याचे. यांपैकी तोल अवघड असतो. पेडल मारणे मूल बरेचदा एका दुपारीत शिकते. त्यामुळे निवडीपूर्वी आपले मूल कोणत्या गटात मोडते ते ठरवावे. पायाने ढकलायच्या बिनपेडलच्या सायकलवर दोन्ही पाय उचलून जे मूल काही अंतर सरळ जाते आणि वळणही घेते, त्याला तोल आलेला असतो. ज्याने असे काही चालवलेले नाही, किंवा फक्त तीनचाकी चालवली आहे, त्याला तोल यायचा असतो. तीनचाकीवर कितीही तरबेज असले, तरी तो सराव इथे मोजू नये, कारण तीनचाकी कलत नाही.

हा भेद पुढे सीटच्या उंचीसाठी लागणार आहे, म्हणून तो कागदावर लिहूनच ठेवावा.

२. पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजावी

लागणारे माप म्हणजे दोन पायांच्या मधल्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर. सायकल चालवताना जे बूट घातले जाणार आहेत तेच घालून मुलाला भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभे करावे. पायांत एका वितीहून थोडे कमी अंतर असावे. कडक पुठ्ठ्याचे एक पुस्तक घेऊन त्याची एक कड भिंतीला चिकटलेली राहील अशा बेताने ते पायांच्या मधून वर सरकवावे आणि सीटवर बसल्यासारखा हलका दाब जाणवला की थांबावे. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे पेन्सिलीने खूण करून मुलाला बाजूला घ्यावे आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजावे.

मुले या वेळी दोन गोष्टी हमखास करतात. पुस्तक वर आले की गुदगुल्या होऊन टाचा उचलतात, किंवा आपण मोठे आहोत हे दाखवण्यासाठी चवड्यांवर उभी राहतात. म्हणून माप तीनदा घ्यावे आणि त्यांतले सर्वांत लहान खरे मानावे.

*तपासणी :* या वयात पायाची ही लांबी एकूण उंचीच्या निम्म्याहून कमी असते. १०५ सेंमी उंचीच्या मुलाचे माप ४६ सेंमीच्या आसपास आले तर ते पटण्यासारखे आहे. ५५ सेंमी आले, तर टाचा उचललेल्या होत्या किंवा टेप तिरकी धरली होती.

*सावधान :* पँटच्या शिवणीची लांबी हे माप नव्हे. पँट घोट्याच्या खाली किंवा वर कुठेही संपते.

३. सीटची सर्वांत खालची उंची या मापाशी ताडून पाहावी

सगळ्या निवडीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच गाळला जातो. दुकानात गेल्यावर सीट जेवढी खाली जाते तेवढी खाली करायला सांगावी आणि जमिनीपासून सीटच्या मध्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर स्वतःच्या टेपने मोजावे. खोक्यावर छापलेल्या वयावर किंवा उंचीवर विसंबू नये.

ज्या मुलाला तोल यायचा आहे, त्याच्यासाठी ही खालची उंची पायाच्या मापाएवढी किंवा त्याहून एक-दोन सेंमी कमी असली पाहिजे, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही पायांचे तळवे पूर्ण टेकतात. ज्याला तोल आलेला आहे, त्याची सीट मापापेक्षा दोन-तीन सेंमी उंच असली तरी चालते. दोन्ही चवडे टेकले की पुरे, आणि गुडघा जास्त सरळ होत असल्याने पेडल मारणेही सोपे जाते. उदाहरणच घ्यायचे तर, माप ४६ सेंमी आहे आणि एका सायकलची सीट ४९ सेंमीच्या खाली जातच नाही. तोल असलेल्या मुलासाठी ती घेता येईल, नवशिक्यासाठी नाही, मग तिचे चाक कितीही 'योग्य' असो.

चाकांच्या आकाराचा उपयोग फक्त शोध कुठून सुरू करायचा हे कळण्यापुरता आहे. पायाचे माप साधारण ३६ ते ४२ सेंमी असेल तर १२ इंची, ४० ते ४८ असेल तर १४ इंची, ४५ ते ५५ असेल तर १६ इंची सायकलींपासून पाहायला लागावे. त्यापुढे १८ आणि २० इंची येतात. हे पल्ले एकमेकांत शिरतात, कारण एकाच १६ इंची चाकाच्या दोन सायकलींच्या खालच्या सीट-उंचीत सांगाड्याच्या रचनेमुळे बराच फरक असतो. म्हणजे 'सोळाची सायकल' हे काही माप नव्हे.

आता 'दोन वर्षे तरी पुरली पाहिजे' या आग्रहाबद्दल. आग्रह चुकीचा नाही, पण पुरण्याची सोय मोठ्या चाकात शोधणे चुकीचे आहे. ती सीटच्या दांडीत शोधावी. सीट वर करून, दांडीवरची कमाल उंचीची खूण दिसायला लागण्याच्या आत थांबून, पुन्हा मोजावे. तीन ते सहा या वयात पायाची ही लांबी वर्षाला साधारण तीन-चार सेंमीने वाढते. त्यामुळे ज्या सायकलची सीट खालपासून वरपर्यंत दहा सेंमी सरकते, ती आज नेमकी बसत असूनही दोन वर्षे सहज चालते. मी स्वतः हा हिशेब न करता एक आकार मोठी सायकल आणली होती. मुलगी तिच्यावर बसायची, एक पाय अंगठ्यावर टेकवायची, दुसरा हवेत, आणि सायकल त्या बाजूला कलू लागली की माझ्या शर्टाची बाही पकडायची. वर्षभर सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. जेव्हा ती तिच्या मापाची झाली, तेव्हा तिला सायकल म्हटले की पडणे आठवत होते.

४. सायकल वजनकाट्यावर ठेवावी

वजन हा आकड्यांचा शौक वाटतो, पण लहान मुलाच्या बाबतीत तो पडणे आणि न पडणे यांतला फरक असतो. सोळा किलोच्या मुलाला दहा किलोची सायकल दिली, तर ती त्याच्या वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक होते; पासष्ट किलोच्या माणसाने चाळीस किलोची सायकल वळवावी, उचलावी आणि कलल्यावर सावरावी, असा तो प्रकार आहे. सायकल मुलाच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर उत्तम, आणि चाळीस टक्क्यांच्या वर शक्यतो जाऊ नये. घरच्या वजनकाट्यावर स्वतः एकदा मोकळ्या हातांनी आणि एकदा सायकल उचलून उभे राहिले, की वजाबाकीतून वजन मिळते.

वजन नेमके कशाने वाढते तेही पाहावे. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यातले शॉकॲब्सॉर्बर या वयात निरुपयोगी असतात, कारण स्प्रिंग दाबली जाण्याइतके मुलाचे वजनच नसते. ते केवळ लोखंड वाहून नेते. जाड टायर, मागचे कॅरिअर, मोटारसायकलसारखी दिसणारी प्लॅस्टिकची टाकी हे सगळे त्याच यादीत येते. गिअरही पहिल्या सायकलला नकोत. घंटी मात्र असू द्यावी, तिचे वजन नगण्य आणि मोल फार.

*तपासणी :* आडवी पडलेली सायकल मुलाला स्वतः उभी करता आली पाहिजे. हे जमत नसेल तर ती जड आहे, मग काटा काहीही दाखवो.

५. ब्रेक मुलाच्या हाताने तपासावेत, स्वतःच्या नव्हे

मोठ्या माणसाने लिव्हर दाबून 'ब्रेक चांगला लागतो' म्हणणे याला काही अर्थ नाही. मुलाला सीटवर बसवून, मुठी पकडायला लावून, हँडल न सोडता बोटे लिव्हरपर्यंत पोहोचतात का ते पाहावे. नुसती बोटांची टोके पोहोचणे पुरेसे नाही. टोकांमध्ये जोर नसतो. पहिल्या दोन बोटांची मधली पेरे लिव्हरवर टेकली पाहिजेत. त्यानंतर मुलाला लिव्हर दाबून धरायला सांगावे आणि आपण सायकल पुढे ढकलावी. मागचा ब्रेक दाबलेला असताना मागचे चाक फिरता कामा नये आणि पुढचा ब्रेक दाबलेला असताना पुढचे. दोन्ही वेगवेगळे तपासावेत.

लिव्हर लांब पडत असेल तर सायकल लगेच नाकारू नये. बहुतेक लिव्हरच्या बुडाशी, मुठीच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येतो. दुकानातून निघण्यापूर्वी हे करून घ्यावे आणि त्यानंतर केबलचा ताण पुन्हा जुळवून घ्यावा, नाहीतर लिव्हर मुठीला टेकतो तरी ब्रेक लागत नाही. केबल आत गंजलेली किंवा फार घट्ट वळलेली असली, तरी सगळा जोर वाटेतच जिरतो. अशा वेळी लिव्हर सोडल्यावर तो झटकन मागे न येता रेंगाळतो, ही ओळखण्याची सोपी खूण आहे.

काही सायकलींना पेडल उलटे मारल्यावर लागणारा मागचा ब्रेक असतो. त्याला हाताचा जोर लागत नाही, हे खरे. पण नवशिके मूल घाबरले, तोल गेला किंवा पेडल नीट जागेवर आणायचे असले, की नकळत पाय उलटा फिरवते, आणि सायकल अचानक थांबून पडते. शिवाय निघताना पेडल हवे तिथे आणण्यासाठी ते मागे फिरवता येत नाही. माझे मत असे, की निवडीला वाव असेल तर हाताचे दोन ब्रेक आणि मोकळे मागे फिरणारे पेडल घ्यावे. पाय-ब्रेकची सायकलच घ्यावी लागली, तर निदान पुढचा हातब्रेक स्वतंत्र आहे याची खात्री करावी. लहान मुलांच्या सायकलींसाठीचे आयएसओ ८०९८ हे आंतरराष्ट्रीय मानक एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक मागते. सीटची कमाल उंची ४३५ मिमीपेक्षा जास्त आणि ६३५ मिमीपेक्षा कमी असलेल्या सायकली त्याच्या कक्षेत येतात.

*सावधान :* उजव्या हाताशी पुढचा ब्रेक की मागचा, हे देशादेशांत बदलते. घरातल्या मोठ्यांच्या सायकली जशा आहेत तशीच रचना मुलाच्या सायकलला असावी, म्हणजे पुढे सवय मोडावी लागत नाही.

६. पेडल, क्रँक आणि हँडल

पेडल ज्या दांडीला बसवलेले असते त्या क्रँकची लांबी पायाच्या मापाच्या एक पंचमांशाच्या आसपास असावी. ४६ सेंमीच्या मापाला ९० ते ९५ मिमी. क्रँक लांब असली की वरच्या बाजूला गुडघा पोटापर्यंत येतो आणि हँडल वळवल्यावर त्याला आपटतो. दात मोजण्याची सवय असेल तर पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात हा हिशेब करावा. १६ इंची चाकाला हे उत्तर २ आले, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर जाते. पहिल्या सायकलला हे पुरेसे आहे. त्याहून बरेच जास्त असेल तर जागेवरून निघतानाच पाय अडतो.

चेन पूर्ण झाकणारे कव्हर असावे. हवेचे टायर असावेत. फोमचे टायर पंक्चर होत नाहीत, पण ओल्या किंवा गुळगुळीत जागी पकड कमी देतात आणि प्रत्येक खड्डा हातापर्यंत पोहोचवतात.

७. बाजूच्या आधाराच्या चाकांबद्दल निर्णय

ही चाके हवीत की नकोत, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. सायकल वळताना आतल्या बाजूला कलते आणि तोल म्हणजे हे कलणे ओळखून सावरणे. बाजूची चाके कलूच देत नाहीत. मूल वळणावर बाहेर झुकायला शिकते आणि चाके काढल्यावर तीच सवय त्याला पाडते. खडबडीत जागी दुसरा धोका असा, की दोन्ही बाजूची चाके उंचवट्यावर टेकतात, मागचे चाक मधल्या खळग्यावर अधांतरी राहते, आणि मग ना पेडलचा उपयोग होतो ना मागच्या ब्रेकचा.

त्याऐवजी सुरुवातीला पेडलच काढून टाकावीत. ज्या शारीरिक अडचणीमुळे तोल सांभाळणे खरोखर कठीण आहे, अशा मुलांचा विचार अर्थातच वेगळा, आणि तो त्यांच्या उपचारकांच्या सल्ल्याने व्हावा.

८. मुलाला बसवून पाहण्याचा क्रम

अचानक भेट म्हणून आणलेली पहिली सायकल ही गंमत असते, निवड नव्हे. मुलाला सोबत न्यावे, आणि भूक-झोपेची वेळ टाळावी. पुढचा क्रम न बदलता पाळावा.

१. सायकल आपण घट्ट धरावी, पण चढणे मुलाला स्वतः करू द्यावे. पाय ओलांडताना चौकटीला अडला, तर चौकट उंच आहे.
२. दोन्ही पाय तिसऱ्या टप्प्यात ठरल्याप्रमाणे टेकतात का, ते खाली वाकून टाचांकडे पाहून ठरवावे. मुलाला विचारून नव्हे. सायकल आवडलेली असते, त्यामुळे उत्तर 'हो' असेच येते.
३. हँडल पकडल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. मूल पुढे ताणले जात असेल तर सायकल लांब आहे.
४. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पेडल वर आणून, गुडघा लागतो का ते पाहावे.
५. शेवटी ब्रेक.

यांपैकी दुसरी किंवा पाचवी पायरी चुकली, तर सायकल तिथेच परत ठेवावी, भलेही रंग आवडीचा असो.

९. जोडणी तपासल्याशिवाय सायकल हाती देऊ नये

मुलांच्या सायकली खोक्यातून सुट्या येतात आणि घाईत जोडल्या जातात. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पुढचा चिमटा उलटा बसवलेला असणे. हँडल चिमट्यासोबत न वळता एकटेच सरळ करून घट्ट केले, की सायकल वरवर ठीक दिसते. पण चिमट्याचा बाक मागे वळलेला असतो, पुढचे चाक पेडलच्या फार जवळ येते, आणि समोर असायला हवा तो पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागे दिसतो. सायकल बाजूने पाहिली की हे दोन सेकंदांत कळते. बाक पुढेच हवा.

त्यानंतर पेडल पाहावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते सरळ समजून जोर लावला, तर आटे झिजतात आणि काही दिवसांनी पेडल निखळते. पाना वर धरून सायकलच्या मागच्या दिशेला ओढला की दोन्ही बाजूंचे पेडल सुटते आणि पुढच्या दिशेला ओढला की घट्ट होते, एवढे लक्षात ठेवले की डावे-उजवे आठवावे लागत नाही.

मग सीटची दांडी आणि हँडलचा खांब यांवरच्या खुणा आत गेलेल्या आहेत का, चाकांचे नट दोन्ही बाजूंनी घट्ट आहेत का, ब्रेकचे रबर रिमवर टेकते की टायरला घासते, मुठींची टोके बंद आहेत का, हे पाहावे. उघड्या नळीचे टोक पडताना पोटात घुसते, म्हणून फाटलेली मूठ त्याच दिवशी बदलावी. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांच्या मर्यादेतच भरावी.

*तपासणी :* पुढचे चाक आपल्या दोन गुडघ्यांत पकडून हँडल वळवावे. ते चाकाशिवाय सरकले, तर खांबाचा बोल्ट सैल आहे.

वापरलेली सायकल घेत असाल तर याच यादीत तीन गोष्टींची भर घालावी. चौकटीच्या सांध्यांजवळ रंगाला बारीक भेग किंवा सुरकुती नसावी, चाक फिरवल्यावर ते लहरू नये, आणि गंज खरवडल्यावर पृष्ठभागापुरताच असावा. चांगली वापरलेली हलकी सायकल ही नव्या जड सायकलपेक्षा केव्हाही बरी.

१०. पहिले दिवस

हेल्मेट आधी. ते कपाळावर सपाट बसावे, भुवईच्या वर दोन बोटे जागा असावी, पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळावेत, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावे. जोराने आपटलेले हेल्मेट दिसायला धड असले तरी बदलावे.

ज्याला तोल यायचा आहे त्याची पेडल काढून सीट अगदी खाली करावी आणि सपाट, मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी त्याला पायाने ढकलत फिरू द्यावे. पाय उचलून सरळ अंतर जाणे जमेपर्यंत, ते दिवस लागोत की आठवडे, पेडल परत लावू नयेत. इथेच घाई होते. लावल्यावर एक पेडल पुढे आणि थोडे वर, घड्याळात दोन वाजता काटा असतो तसे ठेवून, त्यावर पाय दाबून निघायला शिकवावे. थांबणे मात्र निघण्याआधी शिकवावे. सायकलच्या बाजूने चालत, दोन्ही लिव्हर एकत्र हळूहळू दाबून. धरायचेच झाले तर मुलाच्या काखांखाली किंवा पाठीवर हात असावा. हँडल किंवा सीट धरली की तोल आपण सांभाळतो आणि मुलाला काहीच जाणवत नाही.

मूल निघणे आणि थांबणे दोन्ही आपोआप करू लागले, की सीट एक-दोन सेंमी वर घ्यावी, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवरची जुनी खूण शोधून पायाचे माप नव्याने घ्यावे. प्रत्येक वेळी दांडीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, तर सीट आपोआप खाली घसरत असल्यास तेही लगेच दिसते. कमाल उंचीची खूण बाहेर यायला लागली की पुढच्या सायकलसाठी पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करावी.